पंधरावा फोटो

एका सेकंदाला बारा फोटो.
दुर्गेशने बोटांवर हिशोब केला:
मिनिटाला सातशे वीस, सर,
आणि मोबाईल एक. त्याचीही काच तडकलेली.

सातपूरची मनपा शाळा, मे महिन्याचं शिबिर.
पंखा बंद ठेवावा लागे.
लावला की कागदी फुलपाखरं
खरोखरच उडून जात.

मी एवढंच विचारलं होतं,
आपल्या बागेत कोण कोण राहतं?
वॉचमन, अल्फिया म्हणाली.
मग बराच वेळ कुणीच नाही.
मग कढीपत्त्यावरची अळी, पाखराच्या शिटेसारखी दिसणारी.
दोन पानं टाचून घर करणारा शिंपी.
गोगलगाय. मीठ टाकल्यावर तिचं काय होतं
हे तिघांना माहीत होतं,
तिघेही जमिनीकडे बघू लागले.

आणि जास्वंदीच्या कुंपणावरचा सरडा.
तो रक्त पितो, सर. लांबूनच.
बघत राहिलं की ओढून घेतो,
म्हणून तर त्याचा गळा लाल.
म्हणून मारायचा.
कोण मारतं?
सगळेच.

उपदेश मला जमत नाही.
ए.टी.डी.ला तो तास असायचा तेव्हा
मी मागच्या बाकावर माशा काढत बसायचो.
म्हटलं, करू. अगदी तसंच करू.
सरडा करा, पोरगा करा, दगड करा.

लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा सरडा,
मान टाचणीवर हलणारी.
पण मान हलते कशी, किती, कुठे थांबते?
दोन दिवस कुंपणापाशी उकिडवे बसले सगळे,
डोक्यावर दप्तरं धरून.
कल्याणीच्या पहिल्यांदा लक्षात आलं:
तो आपल्याला वेडावत नाहीये,
पलीकडच्या खांबावरच्या दुसऱ्याला दाखवतोय.
आपण त्याच्या हिशोबातच नाही.
हे ऐकून दुर्गेश जरा नाराज झाला.

गळ्यासाठी लालच्या तीन छटा लागल्या.
दगडासाठी राखाडी कागदाचा एक बोळा.

हातातून सुटण्यापासून लागण्यापर्यंत
अठरा फोटो, दीड सेकंद.
बाहेर, मैदानावर, तेवढाही वेळ लागत नाही.
इथे मात्र दगड आपला आपण जात नाही.
बोटभर सरकवायचा, हात काढायचा, टिप.
बोटभर सरकवायचा, हात काढायचा, टिप.
तेरा. चौदा.

पंधराव्याला दुर्गेशचा हात पटावरच राहिला.
हात काढ रे, अल्फिया ओरडली, हात येतोय!
त्याने काढला नाही.
सर, हा मीच सरकवतोय.
हो.
म्हणजे लागला तर मीच.
एमआयडीसीचा भोंगा झाला. डबे उघडले.
कुणाच्या तरी डब्यात कैरीचा तक्कू होता,
त्यावर जास्त चर्चा झाली.

शेवट काय करायचा यावर भांडणं.
सरड्याने भाषण द्यावं, असं एकाचं मत.
कल्याणी म्हणाली, त्याला मान हलवायला वेळ पुरत नाही,
तो कुठलं भाषण देतोय.
शेवटी मोबाईलचीच जागा भरली.
म्हणून सिनेमा आहे तो असा:
दगड येतो, येतो, येतो,
आणि चौकटीच्या कडेने एक भलामोठा खरा हात,
नखांत डिंक,
दगडावर येऊन थांबतो. संपलं.
भिंतीवर चादर लावून दाखवला तेव्हा
रात्रपाळीला निघालेल्या एका बापाने विचारलं,
पुढचं कधी येणार?

जूनमध्ये शाळा उघडली.
टाकीमागचं गांधीलमाशीचं पोळं
कुणीतरी काठीने पाडलेलं होतं.
कुणी ते कळलं नाही.

आणि परवा, मधल्या सुट्टीत, खिडकीतून:
कुंपणापाशी दुर्गेश एकटा,
हातात दगड, खरा.
समोर तो, गळा पेटवून, मान वर, मान खाली.
दुर्गेशचे ओठ हलत होते.
आकडे असावेत.
मी हाक मारली नाही.
मीही मोजत राहिलो,
बारा, तेरा,
चौदा.